प्रेक्षक कुणाला पाहायला गेले?

महोदय,

‘रोअरिंग करंट्स’ हा कोरियन चित्रपट निव्वळ जपानद्वेषावर चालला, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. १५९७ साली म्योंगन्यांगच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीत कोरियाचे नौसेनापती यी सुन-शिन यांनी अवघ्या तेरा जहाजांनिशी शंभरावर जपानी युद्धनौकांना रोखले, त्याची ही कथा. पाच कोटींच्या देशात सुमारे पावणेदोन कोटी तिकिटे खपली!

पण वर्ष पाहा: २०१४. एप्रिलमध्येच ‘सेवोल’ ही कोरियन प्रवासी बोट बुडून तीनशेवर माणसे गेली होती, त्यांत बहुतेक शाळकरी मुले. प्रवाशांना आतच थांबायला सांगितले गेले आणि कप्तान मात्र आधी बाहेर पडला. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी पडद्यावर आला तो सोबतची जहाजे भीतीने मागे रेंगाळत असताना एकटा पुढे राहून लढणारा सेनापती. लोक त्याच्यासाठी गेले, असे मला ठामपणे वाटते.

एक आक्षेप मात्र रास्त आहे. यी यांच्याच बाजूचे सेनानी बे सोल लढाईआधी पळाले, हे खरे. पण त्यांनी कासव-जहाज (कासवाच्या पाठीसारखे छत असलेली कोरियन युद्धनौका) जाळल्याचा चित्रपटातला प्रसंग कल्पित आहे. त्यांच्या वंशजांनी तक्रार केली, ती योग्यच.

— एक चित्रपटप्रेमी वाचक, ठाणे