रविवारच्या फोनबद्दल

ती. आई-बाबांना सा. न.

रविवारी फोनवर बाबा नातीला म्हणाले, "व्हॉलीबॉल पुरे आता, अभ्यासाचं बघ." ती "हो आजोबा" म्हणाली आणि खोलीत जाऊन बसली. ते मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

रसायनशास्त्रात तिला 68 पडले, हे खरं. टेक्ससमध्ये 1984 पासून कायदाच आहे, विषयात 70 च्या खाली गेलं की सामने बंद. तीन आठवड्यांनी गुण पुन्हा बघतात, सगळ्या विषयांत पास असेल तर परत घेतात. सराव मात्र करू देतात. त्यामुळे ती रोज सरावाला जाते आणि सामन्याच्या दिवशी साध्या कपड्यांत बाकावर बसून मैत्रिणींच्या बाटल्या भरून देते. परवा घरी आली ती गुडघ्यांचे पॅडही न काढता रसायनशास्त्रातली मोलची गणितं सोडवत बसली. "अभ्यासाला बस" असं मला एकदाही म्हणावं लागलेलं नाही.

खेळणाऱ्या मुलांचे गुण जास्त असतात, असं इथे सगळेच सांगतात. बाबा, तुमचा जन्म हिशेबात गेला, तुम्हाला लगेच कळेल. नापास होणाऱ्याला संघाबाहेर बसवलं, तर उरलेल्यांची सरासरी चांगली दिसणारच. म्हणून त्या आकड्यांवर माझी भिस्त नाही. एक संशोधन मात्र पटलं. 1972 च्या कायद्यामुळे इथल्या शाळांना मुलींनाही खेळात संधी देणं भाग पडलं. तोवर हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली 3 लाखही नव्हत्या, सहा वर्षांत 20 लाखांवर गेल्या. बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी राज्याराज्यांचे आकडे तपासले. जिथे खेळणाऱ्या मुली शंभरात 10 ने वाढल्या, तिथे कॉलेजात जाणाऱ्या शंभरात 1 ने वाढल्या. एकच, पण ती वाढ खेळामुळे झालेली.

आणि माझी दहावी आठवा. नववीनंतर माझा खो-खो बंद केलात. रोज साडेपाचला मैदानावरून "खो" ऐकू यायचा आणि मी खिडकीशी भूमितीचं पुस्तक उघडून बसायचे. दोन तासांत एक प्रमेय व्हायचं नाही. गुण नववीएवढेच पडले. आई, तू हे बघत होतीस. माझी खेळाची चड्डी तूच धुऊन, घडी घालून ट्रंकेत ठेवलीस, टाकली नाहीस. राग नाही माझा. मोजक्या पगारात दोघांना शिकवायचं होतं, तुमची भीती मला आता कळते. पण त्या रिकाम्या संध्याकाळी तिच्या वाट्याला यायला नकोत.

तेव्हा या रविवारी खेळ सोडायचं बोलू नका. आई, तू इतकी वर्षं विज्ञान शिकवलंस, तिला मोल समजावून दे. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. बाबा, तिला सर्व्हिसबद्दल विचारा.

पास झाली तर दसऱ्यानंतरच्या मंगळवारी ती खेळेल. तुमच्याकडे तेव्हा बुधवारची पहाट, पाच वाजलेले असतील. मी फोन लावून धरीन.

तुमची,
बेबी