चर्चच्या पायऱ्यांना उतार हवा

महोदय,

११ फेब्रुवारी हा जागतिक रुग्ण दिन. पोप जॉन पॉल दुसरे यांनी तो १९९२ साली जाहीर केला. अर्धांगवायूने माझी उजवी बाजू गेली, तेव्हापासून पाद्रीबाब कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घरीच आणतात. तेर्साचे, म्हणजे जपमाळेचे, मणी मी डाव्या हाताने ओढतो. मध्येच अडकतात, बायको हसते, मीही हसतो. पण सकाळी फिजिओथेरपीला दात-ओठ खाऊन पाय उचलायची हिंमत येते ती या प्रार्थनेतूनच. (गोळ्या सोडलेल्या नाहीत, डॉक्टरांनी काळजी करू नये!) तरी मिस्साला, चर्चमधल्या सामूहिक उपासनेला, चारचौघांत बसावंसं वाटतंच. आमच्या चर्चला मात्र नुसत्या पायऱ्या. पोरं बिचारी खुर्चीसकट उचलून नेतात, मला कानकोंडं होतं. पुढच्या रुग्ण दिनाआधी चर्च समितीने तिथे रॅम्प बांधावा.

– एक वाचक, म्हापसा