लेमेत्र यांचा झगा आणि त्यांचे गणित

विश्वाच्या उत्पत्तीवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेखात, बेल्जियमचे विश्वशास्त्रज्ञ जॉर्ज लेमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू असल्याने त्यांना बायबलमधला 'आरंभ' विज्ञानात आणायचा होता, असे सूचित केले आहे. ते त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

लेमेत्र यांना धर्मगुरुपदाची दीक्षा 1923 मध्ये मिळाली. विश्व प्रसरण पावत असल्याचे मांडणारा त्यांचा निबंध 1927 चा. आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांना त्यांनी 42 दीर्घिकांच्या (ताऱ्यांच्या प्रचंड समूहांच्या) वेगांची व अंतरांची जोड दिली आणि प्रसरणाचा दर काढला. तोही खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या याच विषयावरील प्रसिद्ध निबंधाच्या दोन वर्षे आधी. महत्त्वाचे म्हणजे, त्या प्रारूपात विश्वाला आरंभच नव्हता! अनंत भूतकाळातल्या स्थिर अवस्थेतून ते हळूहळू फुगत जाते, अशी ती मांडणी होती. धर्मग्रंथ समोर ठेवून गणित करणारा माणूस नेमका आरंभच कसा वगळेल? 'आदिअणू'ची, म्हणजे सारे विश्व एकाच मूळ अणूतून निघाल्याची कल्पना पुढे 1931 मध्ये आली, आणि तिचा आधार होता ऊष्मागतिकी (उष्णता व ऊर्जेचे शास्त्र) व पुंजसिद्धान्त (क्वांटम सिद्धान्त).

1951 मध्ये खुद्द पोप बारावे पायस यांनी या संशोधनात सृष्टिनिर्मितीचा पुरावा पाहिला, तेव्हा लेमेत्र सुखावले नाहीत, अस्वस्थ झाले. आपला सिद्धान्त धार्मिक प्रश्नांच्या बाहेरचा आहे, ही भूमिका त्यांनी अखेरपर्यंत सोडली नाही. लेखकाने पोपचे भाषण उद्धृत केले, पण ही भूमिका गाळली. पुरवणी विद्यार्थीही वाचतात. पुढच्या अंकात ही दुरुस्ती अवश्य छापावी.

– भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका, मिरज