वर्गात कसे वागायचे, हेही शिकवावे लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

शाळा सुरू होऊन आठवडा झाला. माझा नातू यंदा तिसरीत गेला. परवा त्याच्या दप्तरात शाळेची नवी डायरी दिसली. पहिल्याच पानावर विद्यार्थ्यांसाठी 22 नियम छापलेले आणि खाली पालकांच्या सहीसाठी जागा. मी मोजले, त्यातले 19 नियम ‘नये’ने संपतात. बोलू नये, पळू नये, डबा वेळेआधी उघडू नये. नातवाला विचारले, यातले तुला काय आठवते? तो म्हणाला, ‘‘बोललं की बाहेर उभं करतात.’’ 22 नियमांतून त्याच्यापर्यंत एवढेच पोहोचले होते.

सिडको भागात 31 वर्षे मी प्राथमिकच्या वर्गांना शिकवले, म्हणून राहवले नाही. माझे म्हणणे एकच आहे. पाढे शिकवतो तसेच वर्गातले वागणेही मुलांना शिकवावे लागते. पाढे छापून दिले, सही घेतली आणि चुकणाऱ्याला बाहेर काढले, असे कोणी करत नाही. बेरीज चुकली तर आपण पुन्हा समजावतो. मग रांग मोडली की थेट शिक्षा कशासाठी?

सुरुवातीची कित्येक वर्षे मीही तेच करत होते. मी ऑफिसात गेले की वर्गप्रमुख फळ्याच्या कोपऱ्यात बोलणाऱ्यांची नावे लिही, पुन्हा बोलला की नावापुढे फुली. एकदा परत आले तर एका मुलाच्या नावापुढे पाच फुल्या. तो रडवेला होऊन म्हणाला, ‘‘बाई, मी खोडरबर मागत होतो, तो देतच नव्हता.’’ ‘बोलू नका’ यात खोडरबर मागणे येते की नाही, हे मी कोणालाच कधी सांगितले नव्हते. त्या मुलाला मी आधीच्या आठवड्यात अशाच फुल्यांवरून उभे केले होते, ते आजही मनाला लागते. त्या दिवशी कोपरा पुसला आणि पुन्हा कधी नावे लिहून घेतली नाहीत.

पुढच्या जूनमध्ये मुलांबरोबर बसून आवाज ठरवले. कानातला, बाकावरचा, वर्गाचा आणि मैदानावरचा. गटात काम करताना बाकावरचा, म्हणजे मागच्या बाकाला शब्द कळता कामा नयेत. कविता म्हणताना वर्गाचा. मैदानावरचा आवाज मधल्या सुट्टीत, मग हवा तेवढा. चार दिवस नुसता सराव केला. महिन्याभरात ‘शांत बसा’ हे शब्द माझ्या तोंडून जवळपास गेलेच.

दुसरा अनुभव बाकांचा. आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर आणि बरोबर खाली पहिलीचा वर्ग. गटासाठी बाके फिरवताना मुले ती ओढत. खालच्या बाई दोनदा सांगून गेल्या, मी ओरडून थकले. मग एके दिवशी शेजारच्या बाईंना वर थांबवले, अर्धा वर्ग घेऊन खाली गेले आणि मुलांना पहिलीच्या पोरांशेजारी बसवले. ठरल्याप्रमाणे वर बाके ओढली गेली. छतातून असा घरघराट आला की पहिलीतल्या एका मुलीने कानांवर हात ठेवले. माझी मुले तिच्याकडे बघत राहिली. मग उरलेल्यांना खाली नेले. वर आल्यावर एक मुलगा आपणहून म्हणाला, ‘‘बाई, दोघांनी दोन बाजूंनी उचलायचा.’’ तोच नियम फळ्यावर लिहिला. ‘बाक ओढू नये’ म्हटल्यावर मग करायचे काय, हे मुलाला कळत नाही. ‘दोघांनी उचलायचा’ म्हटले की हात कुठे लावायचा तेही कळते.

असे पाच-सहा नियम पुरतात, आणि ते बाईंनाही लागू हवेत. ‘एक जण बोलताना बाकीचे ऐकतील’ हे ठरल्यावर मुलांनी मला एकदा थांबवले होते, ‘‘बाई, तिचं अजून संपलं नाही.’’ मी तिची क्षमा मागितली आणि ऐकत उभी राहिले. त्या दिवसापासून तो नियम मुलांना खरा वाटू लागला.

अंबड-सातपूरच्या कंपन्यांमुळे आपल्या नाशकातल्या एकाच वर्गात कसमादेतली (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्याकडची), खानदेशातली, पेठ-सुरगाण्याकडची, उत्तर भारतातून आलेली मुले बसतात. एका घरात मोठ्यांपुढे तोंड उघडणे उद्धटपणा, तर दुसऱ्या घरात विचारल्यावर गप्प राहणे उद्धटपणा. ‘मुलांना एवढेही कळत नाही का’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला स्वच्छतेचे नियम सुनावले नाहीत. त्यांनी मुलांना आंघोळ घातली, केस विंचरले.

शिक्षक मित्रमैत्रिणी म्हणतात, छडी काढून घेतली, आता मुले ऐकत नाहीत. शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला. त्याच्या 17 व्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी आहे, आणि ते योग्यच झाले. पण छडीच्या जागी काय, हे फार थोड्यांना कोणी दाखवले. त्याच कायद्यात पहिली ते पाचवीसाठी साधारण 30 मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. माझ्या वर्गात एके वर्षी 58 होती. इतक्या मुलांपुढे एकट्या बाईला धाक जवळचा वाटतो, हे मी जाणते. तिला दोष देत नाही. तिला वेळ हवा आहे.

म्हणून मुख्याध्यापकांना आणि शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. जूनचा पहिला पंधरवडा या कामासाठी मोकळा द्या. त्या दिवसांत ‘किती धडे झाले’ हे विचारू नका. पालकसभेत नियम वाचून दाखवण्याऐवजी मुलांनी वर्गात ठरवलेले नियम पालकांना मुलांकडूनच ऐकू द्या.

नातवाच्या डायरीत माझ्या सुनेने सही केली. तिच्या परवानगीने मी खाली वर्गशिक्षिकेसाठी दोन ओळी लिहिल्या आहेत. मुलांबरोबर बसून वर्गाचे पाच नियम करायचे असतील, तर कोणत्याही शनिवारी मदतीला यायला मी तयार आहे. डायरी काल शाळेत गेली.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका,
सिडको, नाशिक