आधी औषध, मग गाडी

मेस्त्री,

सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानले तर तुम्ही ऐकून घेणार नाही, लगेच पावसापाण्याच्या गोष्टी काढाल. म्हणून लिहितोय. आणि चारचौघांत लिहितोय, कारण आचरा ते देवगड या पट्ट्यात ज्यांचं पोट दोन चाकांवर आहे असा मी एकटा नाही. तुमचं नाव घालत नाही, ते तुम्हाला रुचायचं नाही. ज्यांनी तुमच्याकडे गाडी लावली आहे ते ओळखतीलच.

मी गुरांना लस टोचत फिरतो. निम्म्या वाड्या खाडीकाठाला, निम्म्या वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर. मधली घाटी म्हणजे जांभ्याचा कातळ आणि चिऱ्याच्या ट्रकांनी पाडलेले चर. म्हणून तर ही उंच गाडी घेतली, पुढे २१ इंची चाक, मागे १७, दोन्ही तारांची. डांबरी सोडून उतरलं तरी चालणारी.

गेल्या उन्हाळ्यात शहरात जाऊन जाड खड्यांचे टायर घातले आणि तिथून माझे हाल सुरू झाले. साठच्या पुढे हँडल थरथरायला लागलं, सत्तरला धरवेना. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळालं, "या गाड्यांचं असंच असतं." दुसऱ्या ठिकाणी कोनसेट, म्हणजे हँडलच्या मानेतले बेअरिंग बदलले, बिल घेतलं, थरथर तशीच. वर मला न विचारता पुढचं १५ दातांचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातेरी चाक, काढून १६ चं बसवलं, अॅव्हरेज वाढेल म्हणून. अॅव्हरेज हायवेवाल्याला. मला घाटी चढायची असते, मागे खोकं बांधून. पहिल्या गिअरलाही गाडी ओढेना, अर्धा क्लच दाबून चढवायचो. गणपतीपर्यंत क्लचप्लेटा जळल्या. तक्रार केली तर तो सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तुम्हाला चालवता येत नाही." वीस वर्षं या रस्त्यांवर गाडी चालवतोय मी. ते वाक्य अजून गेलेलं नाही मनातून.

ऑक्टोबरातली ती दुपार तुम्हाला आठवत असेल. पाऊस उघडलेला, ऊन अंगावर धावून येत होतं. नव्या क्लचप्लेटांनाही वास यायला लागला आणि मी तुमच्या दारात थांबलो. कॅरिअरवर लाळ्या-खुरकुताची लस होती, दोन वाड्यांची. ती २ ते ८ अंशांत राहावी लागते आणि बर्फाच्या पिशव्यांचं पाणी होत आलेलं. मी गाडीचं रडगाणं सुरू केलं. तुम्ही ऐकत होतात, पण नजर खोक्यावर होती.

"ह्यात काय आसा?"

मी सांगितलं. तुम्ही पाना खाली ठेवलात. "डाक्तर, गाडी मगे बघूया. पयली ह्या औषधाची सोय करूक व्हयी."

वहिनींना हाक मारलीत. त्यांनी फ्रिजमधलं दुधाचं भांडं आणि सोलांचं आगळ बाहेर काढलं, एक अख्खा कप्पा पुसून रिकामा केला. मी बाटल्या देत होतो आणि तुम्ही विचारलंत, "बर्फात चलात काय?" नाही म्हटलं, गोठली की लस फुकट जाते. तेव्हा तुम्ही स्वतः वाकून कप्पा बघितलात आणि बाटल्या फ्रीझरपासून लांब, खाली सरकवल्यात.

मेस्त्री, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं. इतक्या गॅरेजांत उभा राहिलो, ते खोकं उन्हात तसंच बांधलेलं असायचं आणि लोक गाडीचं मॉडेल विचारायचे. गाडी कशासाठी धावते हे तुम्ही आधी पाहिलंत. पुढचं सगळं काम त्या एका प्रश्नातच होतं, असं मला वाटतं.

कारण मग तुम्ही विचारलंत, "तुमचो रस्तो खंयचो?" आणि रस्ता ऐकूनच दातांचा हिशेब केलात. पुढचा एक दात कमी म्हणजे मागे जवळपास पावणेतीन दात वाढवल्यासारखं, चढणीला तेवढी ओढ जास्त. म्हणून मागचं ३८ चं तसंच ठेवून पुढे १४ चं. ते दुसऱ्या दिवशी कणकवलीहून एस.टी.ने आलं. वरचा वेग थोडा कमी होईल, हेही आधीच सांगितलंत. मला वरचा वेग कधी हवा होता?

हँडल थरथरवणारं चाक मात्र त्याच दुपारी. पान्याने एकेक तार वाजवून सैल तारा हेरल्या, आऊट, म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढला, टायर रिमवर फिरवून त्याचा पिवळा ठिपका वॉल्व्हपाशी आणला. मग ब्रेक सोडवून चाक मोकळं फिरू दिलंत. "जड बाजू आपसूक खाली येता," म्हणालात. तिच्या बरोबर समोर वजन हवं आणि वजन तर नव्हतं. तुम्ही आत जाऊन पागाचं, म्हणजे फेकून मासे धरायचं जाळं आणलंत, त्याच्या काठाची शिशी, म्हणजे शिशाची छोटी वजनं, कापून ठोकून चपटी केलीत आणि तारेच्या मुळाशी गुंडाळलीत. तिसऱ्या खेपेला चाक सोडाल तिथे थांबायला लागलं. मग मला म्हणालात, तुम्ही फिरवून बघा. मी फिरवलं. कुठेही सोडलं तरी जागच्या जागी. सहा महिन्यांत पहिल्यांदा माझ्या गाडीबद्दल कुणी मला खात्री करून घ्यायला सांगत होतं.

पाच वाजता थंड बाटल्या घेऊन खालची वाडी केली. दोन दिवसांनी सड्यावर गेलो. पहिल्या गिअरला, क्लच पूर्ण सोडून.

आमच्याकडे चांगली माणसं आहेत, हे लोक मुंबईला बसून म्हणतात. मला ते पाना खाली ठेवणाऱ्या हातात दिसलं. गिऱ्हाईक अडलेलं असताना त्याची अडचण आधी बघणं, किंमत नंतर, हे शिकवून येत असेल असं वाटत नाही. घरातून येतं. वहिनींनी कप्पा पुसला तेव्हा त्यांना कुणी पुसायला सांगितलं नव्हतं.

शिशाचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. "जाळां जुनाच आसा," म्हणालात. पण जाळ्याचा तो कोपरा आता हलका पडला असणार, पाण्यात नीट बसायचा नाही. मालवणच्या बाजारातून पाव किलो शिशी आणून ठेवली आहेत. येत्या बुधवारी तुमच्या वाडीत लसीकरण आहे. सकाळी आधी तुमच्या गोठ्यात येतो, तेव्हा घेऊन येईन.

तुमचा,
डाक्तर