रस्त्यावर थांबायला जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहराच्या विकासाची बातमी म्हटली की रुंदीकरण, फ्लायओव्हर, पार्किंग एवढंच वाचायला मिळतं. त्या रस्त्यावर राहणारी माणसं एकमेकांना ओळखतात का, वयस्कर माणूस एकटा रस्ता ओलांडू शकतो का, हे कोणी विचारतच नाही, आणि मला विचाराल तर सगळ्यात आधी तेच विचारायला हवं.

सॅन फ्रान्सिस्कोत डोनाल्ड ॲपलयार्ड या प्राध्यापकांनी १९६० च्या दशकाच्या शेवटी शेजारशेजारचे तीन रस्ते अभ्यासाला घेतले होते. घरं साधारण सारखीच, फरक होता तो वाहतुकीचा, एकावर दिवसाला सुमारे २००० गाड्या, दुसऱ्यावर ८०००, तिसऱ्यावर १६०००. शांत रस्त्यावर माणसाला त्याच रस्त्यावरचे सरासरी ३ मित्र आणि ओळखीचे ६ जण होते. वर्दळीच्या रस्त्यावर सरासरी एक मित्रसुद्धा धड भरत नव्हता, ओळखीचे जेमतेम ३. लोकांना विचारलं, तुमचं घर तुम्हाला कुठपर्यंत वाटतं ते नकाशावर दाखवा. शांत रस्त्यावरच्यांनी अख्खा रस्ताच आपला म्हणून दाखवला आणि गर्दीच्या रस्त्यावरच्यांनी फक्त आपली बिल्डिंग, काहींनी तर तेवढीही नाही. म्हणजे शेजारधर्म आटला की आपण माणसांना नावं ठेवतो, पण दाराबाहेरून दिवसभर गाड्या सुसाट जात असतील तर माणूस थांबून बोलणार तरी कुठे?

दुसरी गोष्ट बसायच्या जागेची. शहरांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम व्हाइट यांनी न्यूयॉर्कमधल्या इमारतींसमोरच्या मोकळ्या चौकांचं कॅमेरे लावून निरीक्षण केलं आणि त्यातून निघालं काय, तर जिथे बसायला जागा असते तिथे लोक बसतात. वाचायला अगदीच साधं वाटतं, पण याच कामाच्या आधारावर १९७५ साली तिथले चौकांचे नियम बदलले. उचलता येणाऱ्या खुर्च्या ठेवल्या तर माणूस बसायच्या आधी खुर्ची दोन-चार इंच सरकवतो, काही कारण नसताना, ही जागा आता माझी झाली एवढंच त्यात असतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. उलट नको ते लोक येऊन बसतात म्हणून आपण बाकडीच काढून टाकतो, आणि मग जागा सगळ्यांसाठीच ओस पडते.

तिसरी गोष्ट वेगाची. ताशी ५० किमीच्या गाडीत ताशी ३० पेक्षा जवळजवळ पावणेतीन पट ऊर्जा असते, धडक कोणाला बसणार ते सांगायला नको. आणि गाड्या हटवल्या की रस्ता ओस पडतो असंही नाही. डेन्मार्कमधल्या कोपनहेगनने १९६२ मध्ये भर मध्यवस्तीतला मोठा रस्ता गाड्यांना बंद केला तेव्हा धंदा बसेल म्हणून दुकानदारांनी विरोध केला होता, नंतर त्याच रस्त्यावर गर्दी व्हायला लागली आणि पुढे शहराने तसे रस्ते वाढवत नेले.

गाड्या नकोतच असं माझं म्हणणं नाही, ॲम्ब्युलन्स, सामानाचे टेम्पो, चालता न येणाऱ्यांची गाडी यांना वाट हवीच. पण महापालिकेला एवढंच सांगणं आहे, रस्ता रुंद करायच्या आधी जशा गाड्या मोजता तशी तिथे बसलेली, उभ्याने बोलणारी, खेळणारी माणसंही मोजा, त्यात लहान मुलं किती आणि म्हातारी किती ते वेगळं लिहा, आणि तो आकडा मंजुरीच्या आधी लोकांसमोर ठेवा.

कळावे,
एक नियमित वाचक