खेळाडूला वेगळे माप का?

महोदय,
नामवंत खेळाडू तुरुंगात गेला की ‘कारकीर्द संपली, आणखी काय शिक्षा हवी?’ असा सूर हमखास लागतो. मला तो मुळीच पटत नाही. दक्षिण आफ्रिकेचा, दोन्ही कृत्रिम पायांवर धावणारा धावपटू ऑस्कर पिस्टोरिअस याने २०१३ मध्ये बंद दारातून चार गोळ्या झाडून आपली प्रेयसी रीव्हा स्टीनकॅम्प हिचा जीव घेतला. तिथे खुनाला साधारणपणे किमान १५ वर्षे. याला २०१६ मध्ये मिळाली अवघी सहा. त्या सुनावणीत कृत्रिम पाय काढून तो भर न्यायालयात अडखळत चालला. बघणाऱ्याचे काळीज हलणारच. पण साक्ष देताना रीव्हाचे वडीलही ढसाढसा रडले होते! २०१७ मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा वाढवून, आधी भोगलेला काळ वजा करून, १३ वर्षे ५ महिने केली. लेकीला न्याय मिळायला आईवडिलांनी इतकी वर्षे का थांबावे?
– एक क्रीडाप्रेमी वाचक